घराला लागून तावेर्न असेल, तर कुटुंबाने तिथे राहावे का?

गोव्यात म्हापशाजवळच्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीत, आपण भाड्याने घेत असलेल्या घराला लागूनच जुनी तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता आहे, घरात लहान मुले आहेत, आणि पूर्वी अशा दुकानांशेजारी कुटुंबे कशी राहत असत, त्यांना त्रास होत नसे का, असे आपण विचारले आहे. मी त्याच बार्देश तालुक्यातल्या अशाच एका वाड्यावर लहानाचा मोठा झालो आणि आमच्या पडवीतून तावेर्नचा दरवाजा समोरच दिसत असे. त्रास होईल की नाही हे दुकानदार रात्री कुठे झोपतो यावर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या शेजारची तावेर्न म्हणजे एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घराची पुढची खोली होती. लाकडी फळीमागे वेताच्या आवरणातली काचेची मोठी गाराफांव, दोन बाके आणि भिंतीवर क्रूस, एवढाच थाट. मधल्या पडद्यापलीकडे त्यांचे स्वयंपाकघर होते, तिथेच मुले अभ्यासाला बसत आणि म्हातारी सासू जपमाळ ओढत असे. मार्चपासून मेपर्यंत हुर्राक, एरवी काजूची किंवा माडाची फेणी. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडूंच्या आंबवलेल्या रसाची पहिली धार. ती फार टिकत नाही, म्हणून त्या दिवसांत गिऱ्हाईक वाढे आणि वाड्यावर बोंडूंचा उग्र वास भरून राही. त्या वासाची तक्रार आमच्याकडे कोणी केल्याचे मला आठवत नाही, कारण ज्यांच्या बागेतले बोंडू भट्टीवर जात ती घरेही त्याच वाड्यावरची होती.

गल्ल्यावर बहुधा त्या घरची बाई बसे; तिला आम्ही आंटी म्हणत असू. वाड्यावर एक पाडेली होता; दिवसभर माडांवर चढून नारळ पाडायचे आणि संध्याकाळी मजुरी घेऊन थेट बाकावर येऊन बसायचे, हा त्याचा क्रम होता. दुसऱ्या दिवशी त्याला माडावर चढायचे असेल, तर आंटी त्याला दुसरा पेला देत नसत. एकदा त्याने यावरून आरडाओरडा केला आणि फळीवरचे गाराफांव खाली पाडले, तेव्हा पडद्यामागून सासू हातात डाव घेऊन बाहेर आली आणि तिने त्याला त्याच्या आईच्या नावाने असे काही सुनावले की तो मुकाट्याने काचा गोळा करू लागला. पुढच्याच आठवड्यात त्याची बायको आमच्याकडे आली. भाटकारांनी, म्हणजे माडांच्या बागांच्या मालकांनी, मजुरी नवऱ्याच्या हातात न देता आंटींकडे ठेवावी आणि आंटींनी पिण्याचे पैसे कापून उरलेली रक्कम आपल्याला द्यावी, असे तिचे म्हणणे होते, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ते मान्य केले. आंटी हिशेब रोमी लिपीतल्या कोंकणीत लिहीत. पाडेलीच्या बायकोचा मुलगा मराठी शाळेत जात असल्यामुळे माझ्या आईने त्याच हिशेबाची दुसरी वही मराठीत ठेवली. दारूच्या दुकानाची वही एका शिक्षिकेच्या घरात असणे कोणाला विचित्र वाटत असेल तर वाटो.

माझ्या थोरल्या मेहुण्यांना ते विचित्र वाटले होते. ते पुण्याचे. माझ्या बहिणीला पाहायला आले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी समोरचा फलक वाचून ‘असल्या शेजारात मुली वाढवल्या?’ असे विचारले. ज्या राज्यात १९४९ सालापासून दारूबंदीचा कायदा होता आणि प्यायची तर परवाना काढून किंवा चोरून, तिथल्या माणसांना पुढच्या दाराने, शेजाऱ्यांच्या देखत पिणे असभ्य वाटावे हे मी समजू शकतो. परंतु लग्नाच्या आदल्या रात्री वरपक्षातले दोन काका तावेर्नच्या मागच्या दारावर टकटक करत होते, आणि आमच्या घरचे कार्य म्हणून दुकान बंद ठेवणाऱ्या आंटींनीच त्यांना परत पाठवले, ही गोष्ट मेहुणे आजतागायत थट्टेवारी नेतात.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली आणि मार्च २०१७ मध्ये छोट्या वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर केले, तेव्हा मेहुण्यांनी मला फोन करून ‘आता तरी पटले का?’ असे विचारले. तो आदेश मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांसाठी होता आणि त्यामागचा हेतू योग्यच होता. पण मोजपट्टी फक्त रस्त्यापासूनचे अंतर सांगते, पडद्यामागे कोणाची मुले अभ्यास करत आहेत हे तिला दिसत नाही.

हेही सांगितले पाहिजे की सगळ्याच तावेर्न अशा नव्हत्या. उधारीवर माणसे बुडवणारे दुकानदारही होते, आमच्या पाडेलीचे यकृत शेवटी गेलेच, आणि त्याच्या बायकोने जे सोसले ते वहीत मावण्यासारखे नव्हते. किनाऱ्यावरच्या आजच्या बारांना तर मी लिहिलेले काहीच लागू होत नाही.

तेव्हा घर घेण्यापूर्वी एकदा संध्याकाळी चर्चच्या घंटेनंतर तिथे जाऊन बसा. प्यायलाच हवे असे नाही, सोडा मागवा. मालकाचे कुटुंब मागेच राहत असेल आणि घरातली एखादी बाई गल्ल्यावर बसत असेल, तर खुशाल राहा. मालक दुसऱ्या गावचा आणि गल्ल्यावर दर सहा महिन्यांनी नवा माणूस असेल, तर दुसरे घर बघा. माझे मेहुणे आपल्याला उलटा सल्ला देतील. त्यांच्या सोसायटीच्या फाटकासमोर सध्या वाईन शॉप आहे, ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी तिथली रांग त्यांच्या पार्किंगपर्यंत येते, आणि त्या दुकानाचा मालक कोण हे त्यांना अजून माहीत नाही.