हेडफोनच्या चार तारा: वाचकांच्या शंका, आमची उत्तरं

प्रश्न (सांगली): ४५५६ या ऑप-अँपवर (सिग्नल वाढवणारी चिप, आत दोन भाग) बनवलेला हेडफोन अँप्लिफायर आहे. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, हेडफोन ३२ ओहमचे. बॅलन्स्ड केलं की पॉवर चौपट होते, असं सगळीकडे सांगतात. आणखी एक ४५५६ बसवून बॅलन्स्ड करू का?

उत्तर: ३२ ओहमसाठी नको. खर्च दुप्पट होईल आणि पॉवर मिळेल जेवढ्यास तेवढीच.

बॅलन्स्ड अँपमध्ये हेडफोनच्या एका बाजूची दोन्ही टोकं अँपच चालवतो. एक टोक वर जातं तेव्हा दुसरं तेवढंच खाली जातं. त्यामुळे हेडफोनला दुप्पट व्होल्टेज मिळतं आणि व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट, हे गणित कागदावर बरोबरच आहे. पण त्याच हेडफोनमधून करंटही दुप्पट जायला हवा, आणि तो देण्याची ताकद आयसीत असायला हवी. ४५५६चा एक भाग साधारण ७० मिलिअँपिअर देतो. ३२ ओहममध्ये ७० मिलिअँपिअर शिखर करंट म्हणजे ७८ मिलिवॉट. तुमचा आयसी करंटवरच अडलेला आहे, व्होल्टेजवर नाही. दुसरा आयसी पहिल्याच्या समोर, म्हणजे सिरीजमध्ये येतो. करंट तोच ७०, पॉवर तीच ७८.

आता हेच ३०० ओहमवर पाहा. १२ व्होल्टच्या सप्लायवर आउटपुट सुमारे साडेदहा व्होल्टपर्यंत जाईल. साध्या जोडणीत १८४ मिलिवॉट, बॅलन्स्डमध्ये ७३५. इथे चौपट खरंच मिळते, कारण शिखराला करंट ७० मिलिअँपिअरच होतो.

मिळालेली पॉवर लागते का, हे मात्र वेगळं. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. ११५ डेसिबल, म्हणजे कान दुखेपर्यंतचा आवाज, ४ व्होल्टलाच मिळतो. साधा अँप ७ व्होल्ट देतोच आहे. बॅलन्स्डची खरी गरज हायफायमॅन एचई-६सारख्या जड हेडफोनला. तो ५० ओहमचा असून १ मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल देतो. ११५ गाठायला सुमारे १.४ वॉट लागतात: ८.४ व्होल्ट आणि शिखराला जवळपास २४० मिलिअँपिअर. तिथे नुसता ऑप-अँप पुरत नाही. प्रत्येक भागाच्या आउटपुटला बफर (जास्त करंट देणारा टप्पा) हवा, बीयूएफ६३४ए नाहीतर बीडी१३९ आणि बीडी१४० ची जोडी.

एक फायदा मात्र बॅलन्स्ड न करताही पदरात पडतो. तीन तारांच्या केबलमध्ये डाव्या-उजव्याची परतीची तार सामाईक असते. तिचा आणि जॅकच्या संपर्काचा रोध ०.१ ओहम धरला, तरी ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये एका बाजूचा आवाज दुसरीकडे सुमारे ५० डेसिबल खाली झिरपतो. हेडफोनला चार तारा घ्या, अँपवर चार पिनांचं एक्सएलआर सॉकेट बसवा आणि पिन २ व पिन ४ (डाव्या-उजव्याच्या उणे पिना) मधून दोन वेगळ्या तारा थेट पॉवर सप्लायच्या ग्राउंडबिंदूपर्यंत न्या. अँप साधाच राहील, झिरप मात्र बरीच घटेल. दुकानदार हे सांगणार नाहीत.

प्रश्न (नाशिक): साध्या आरसीए इनपुटपासून बॅलन्स्ड आउटपुट करायचं आहे. चार गँगचा पोट (आवाजाचा नॉब, एकाच दांड्यावर चार) मिळत नाही.

उत्तर: तो लागतच नाही. दोन गँगचा १० किलोओहमचा पोट आधी लावा, मग बफर आणि उलटा सिग्नल तयार करायचं काम त्यानंतर. बफरचं आउटपुट थेट अधिक बाजूच्या अँपला द्या आणि तेच एका उलट्या ऑप-अँपमधून, गेन उणे १ ठेवून, उणे बाजूच्या अँपला. तिथले दोन रेझिस्टर २.२ ते ४.७ किलोओहमचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म. दहा-बारा घेऊन मल्टिमीटरवर जुळती जोडी निवडली की झालं.

उलटा सिग्नल अधिक बाजूच्या आउटपुटवरून घ्यायचा मोह टाळा. नवशिक्यांच्या सर्किटमध्ये हे फार दिसतं. तसं केलं तर त्या बाजूचा नॉइज आणि डिस्टॉर्शन उणे बाजूलाही उलटे होऊन जातात, आणि सम हार्मोनिक (मूळ सुराच्या सम पटीतली भेसळ) एकमेकांना छेदण्याचा जो फायदा मिळायचा तो जातो.

पोटनंतरच्या बफरला एफईटी इनपुटचा (इनपुटमधून जवळपास करंट न ओढणारा) ऑप-अँप घ्या, ओपीए१६४२ किंवा तत्सम. ५५३२चा इनपुट करंट पोटमधून वाहतो आणि नॉब फिरवताना खरखर येते. लोक मग पोटलाच दोष देतात.

पहिल्यांदा चालू करताना हेडफोन लावू नका. एक्सएलआरच्या पिन १ आणि २ (डावी बाजू) मधला डीसी मोजा, मग ३ आणि ४ (उजवी) मधला. ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, २० च्या वर असेल तर पुढे जाऊ नका. हेडफोनला कळतो तो दोन टोकांमधला फरक, म्हणून फक्त ग्राउंडशी मोजून समाधान मानू नये.

ऑसिलोस्कोप असेल तर त्याची ग्राउंडची क्लिप उणे पिनला चुकूनही लावू नका. ती क्लिप प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते. तुमच्या अँपचं ग्राउंड कुठूनही अर्थिंगला जोडलं गेलेलं असेल, तर उणे भाग तिथल्या तिथे शॉर्ट होतो. दोन प्रोब लावा, दोन्हींच्या क्लिपा अँपच्या ग्राउंडला, आणि स्कोपवर वजाबाकी घ्या. बॅटरीवरचा मल्टिमीटर मात्र बिनधास्त लावा.

प्रश्न (पणजी): ४.४, २.५ आणि चार पिनांचं एक्सएलआर, यांतलं कोणतं घ्यावं? पिना कशा जोडायच्या?

उत्तर: घरच्या अँपला चार पिनांचं एक्सएलआर, खिशातल्या प्लेअरला ४.४ मिलिमीटर. २.५ चा प्लग सुईसारखा बारीक असतो, चार भागांमध्ये इन्सुलेशन घालून उरलेलं धातू किती ते बघा. जरा तिरपा ताण आला की तुटून टोक सॉकेटमध्ये राहतं. नव्या कामात तो वापरू नये.

एक्सएलआर: पिन १ डावा अधिक, २ डावा उणे, ३ उजवा अधिक, ४ उजवा उणे. अँपवर मादी सॉकेट, केबलवर नर प्लग. न्यूट्रिकचा एनसी४एमएक्सएक्स केबलला, पॅनेलला त्यांचंच डी आकाराचं सॉकेट. त्यासाठी २४ मिलिमीटरचं भोक लागतं. कॅमेऱ्यांच्या १२ व्होल्ट सप्लायलाही हेच चार पिनांचं एक्सएलआर असतं, तिथे पिन ४ वर अधिक १२ व्होल्ट. शूटिंगच्या सामानात हेडफोन ठेवत असाल तर प्लगवर रंगीत पट्टी चिकटवाच.

४.४: टोकाकडून डावा अधिक, डावा उणे, उजवा अधिक, उजवा उणे आणि शेवटी ग्राउंड. २.५ च्या प्रचलित जोडणीत क्रम वेगळा: टोक उजवा उणे, मग उजवा अधिक, डावा अधिक, डावा उणे. ४.४ ची केबल २.५ ला जोडायची तर हा क्रम बघूनच, अंदाजाने नाही. यांचे प्लग आत जाताना संपर्क क्षणभर भलत्याच कड्यांना टेकतात, म्हणून आवाज शून्यावर आणून मगच लावा-काढा.

सोल्डर करताना एक्सएलआर प्लगमध्ये जुनं मादी सॉकेट घालून ठेवा. प्लास्टिक तापून मऊ झालं की पिन तिरकी होते, सॉकेट तिला जागेवर धरून ठेवतं. बारीक केबलच्या तारांवर वार्निश असेल, तर डाग धरल्यासारखा दिसतो पण आत चिकटत नाही. आधी फ्लक्स लावून ३८० ते ४०० अंशांवर टोकाला टिन चढवा.

शेवटी तपासणी, अँपला न लावता. पिन १–२ मध्ये हेडफोनचे ओहम दिसले पाहिजेत, ३–४ मध्येही. १–३ आणि २–४ पूर्ण तुटलेले. २–४ मध्ये शून्य आलं तर कुठेतरी दोन उणे जोडलेले आहेत, ती केबल बॅलन्स्ड अँपला लावायची नाही. एका कानात अधिक-उणे उलटे झाले असतील तर हे मीटर सांगणार नाही. बास पोकळ होतो आणि गायकाचा आवाज डोक्याच्या मध्ये न येता दोन कानांबाहेर विखुरतो, तेव्हा एका बाजूच्या दोन तारा अदलाबदल करा.

प्रश्न (पुणे): बॅलन्स्ड अँपला साधा ३.५ चा हेडफोन लावायला ॲडॅप्टर बनवता येईल का?

उत्तर: नाही. ३.५ मध्ये दोन्ही उणे एकत्र येतात, म्हणजे दोन अँपचे आउटपुट एकमेकांवर आपटतात. गाडीच्या स्टिरिओत स्पीकरची उणे तार बॉडीला लावत नाहीत, तेच हे कारण. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड हेडफोन साध्या अँपला, ॲडॅप्टर खुशाल बनवा. अँपवरच साधा जॅक हवा असेल तर तो फक्त दोन अधिक भागांमधून घ्या आणि परतीची तार ग्राउंडला जोडा.

प्रश्न (कोल्हापूर): बायरडायनॅमिक डीटी १९९० ला नुसती केबल बदलून बॅलन्स्ड करता येईल?

उत्तर: नाही. त्याच्या मिनी एक्सएलआरला तीनच पिना आहेत, चौथी तार न्यायची कुठून? कप उघडून चार पिनांचं सॉकेट बसवावं लागेल आणि आत एकत्र जोडलेल्या दोन उणे तारा वेगळ्या कराव्या लागतील. वॉरंटी संपेपर्यंत थांबा.