घरचं पाणी : अडचण तुमची, उत्तर प्लंबरचं

प्रश्न : नवरा बोटीवर असतो. घरी मी, सासूबाई आणि लहान मुलगी. गेल्या महिन्यात मध्यरात्री बेसिनखालची नळी फुटली आणि हॉलपर्यंत पाणी आलं. मोबाइलवर ‘चोवीस तास सेवा’ असा जो पहिला नंबर दिसला त्याला बोलावलं. त्याने आल्या आल्या टाइल फोडावी लागेल म्हणून सांगितलं, आगाऊ पैसे घेतले आणि शेवटी नुसती नळी बदलून गेला. बिलही दिलं नाही. खात्रीचा माणूस ओळखायचा कसा?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, मध्यरात्री माणूस ओळखता येत नाही. पाणी धो धो वाहत असताना दारात येईल तो देव वाटतो आणि मागेल तेवढे पैसे आपण देतो. म्हणून आधी पाणी थांबवायचं, आणि ते तुमच्या हातात आहे. पाणी स्विचबोर्डकडे किंवा गीझरच्या प्लगकडे जात असेल तर त्याही आधी मेन स्विच पाडा, पण ओल्या लादीवर उभं राहून त्याला हात लावू नका.

बेसिनखाली भिंतीतून नळी निघते तिथे एक छोटा नळ असतो, तो अँगल कॉक. तो उजवीकडे फिरवला की तेवढ्या बेसिनचं पाणी बंद होतं. पण वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, त्यामुळे तो आवळून बसतो आणि ऐन वेळी जोर केला की दांडाच तुटतो. अधूनमधून बंद-चालू करत राहा. तो नाहीच फिरला तर गच्चीवर टाकीतून तुमच्या फ्लॅटला येणाऱ्या लाइनवर व्हॉल्व्ह असतो. गच्चीवर असे व्हॉल्व्ह ओळीने असतात आणि आपला कुठला हे बिल्डिंगमध्ये कोणालाच ठाऊक नसतं. एखाद्या रविवारी दिवसाउजेडी एकेक बंद करून शोधून काढा, ऑइल पेंटने फ्लॅटचा नंबर घाला आणि सासूबाईंनाही दाखवून ठेवा. पाणी थांबलं की बहुतेक कामं सकाळपर्यंत थांबू शकतात, आणि सकाळी येणारा प्लंबर रात्रीचा भाव लावत नाही.

माणूस शोधायचा तो घरात काही बिघडलेलं नसताना. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात चौकशी करा. कोण चांगलं सामान नेतो, कोणाच्या कामाची तक्रार परत दुकानापर्यंत येते, हे दुकानदाराला बरोबर माहीत असतं. मग एखादा गळका नळ त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. काढलेला वॉशर तो तुम्हाला दाखवतो का, काम झाल्यावर नळ चालू ठेवून थोडा वेळ थांबतो का, एवढं बघा. मी नव्या पोरांना हेच शिकवतो. फोनवर तीन गोष्टी आधी ठरवा : येण्याचे किती, काम केलं तर ते मजुरीत धरणार का, आणि सामान कोण आणणार. फोटो पाठवा, म्हणजे तो योग्य मापाची नळी घेऊनच येईल.

आणि टाइल. बेसिनखाली उघडी दिसणारी नळी फुटली असताना टाइल फोडायचं कारणच नाही. भिंतीला ओल असली तरी फोडण्याआधी विचारा, गळती इथेच कशावरून? गच्चीवरचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून ओल कमी झाली तर दोष पाण्याच्या लाइनचा. फक्त आंघोळी झाल्या की वाढत असेल तर सांडपाण्याचा. आपल्या चिऱ्याच्या भिंती पाणी पितात, त्यामुळे गळती एकीकडे आणि डाग भलतीकडे असं होतं. नवी नळी पितळी नटाची घ्या. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत वरची जाळी गंजते. नटाजवळ गंजाचे ठिपके दिसले की फुटायची वाट बघू नका.

प्रश्न : सावईवेऱ्याला आमचं वडिलोपार्जित घर. वर्षभर दोघंच राहतात, चवथीला पंचवीस-तीस माणसं जमतात. दुसऱ्याच दिवशी संडासातून बुडबुडे येतात आणि पाणी वर चढतं. यंदा एक माणूस म्हणतो, संडासाच्या टाकीत उतरून साफ करतो. करून घ्यावं का?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : नाही. कोणालाही टाकीत उतरवू देऊ नका, तो आपणहून तयार असला तरी. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. आपल्या देशात असं कित्येकदा घडलं आहे. 2013 च्या कायद्याने पुरेशा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. टँकर बोलवा, तो बाहेरूनच नळीने ओढून घेतो.

आता कारण. चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर जमीन पावसाने तुडुंब भरलेली असते आणि सोक पिटमधलं, म्हणजे टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या खड्ड्यातलं, पाणी मुरायला जागाच नसते. त्यात एकदम एवढी माणसं. संडासाजवळच्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर कोरडा असेल तर तुंबलंय ते संडास आणि चेंबरच्या मध्ये, तिथे प्लंबर रॉड घालून मोकळं करेल. चेंबर भरलेला असेल तर टाकीकडे जा. टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्याही वर चढलं असेल तर सोक पिट पाणी घेत नाही. अशा वेळी टाकी उपसली तरी सुटका चार दिवसांची. सण निभावेल, पण खरं उपसायचं ते मे महिन्यात. एक गोष्ट हमखास तपासा : छपराचं पावसाचं पाणी त्याच चेंबरमध्ये सोडलंय का? जुन्या घरांना मागाहून संडास जोडला की असं करून ठेवलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. ती पन्हळ तोडून पाणी कुळागराकडे वळवा, निम्मा त्रास तिथेच कमी होईल. चेंबरजवळ माड असेल तर त्याची मुळं सांध्यातून पाइपात शिरतात, तेही बघून घ्या. आणि अॅसिड ओतू नका. त्याने टाकीत मैला कुजवणारे जीवाणू मरतात, आणि जुनी लोखंडी पाइपलाइन असेल तर तीही खाल्ली जाते.

प्रश्न : दोन दिवस पाणी नव्हतं. आल्यापासून स्वयंपाकघरातला नळ करंगळीएवढाच वाहतो. बाकीचे ठीक आहेत.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : एकच नळ मंद असेल तर लाइनला दोष देऊ नका. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती फडक्याने धरून फिरवून काढा. पाणी बंद होऊन परत आलं की लाइनमधली माती आणि गंज तिथे अडकतो. जुन्या ब्रशने घासा, पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि परत बसवा. यासाठी प्लंबरला पैसे द्यायची गरज नाही. पुढच्या वेळी पाणी आलं की आधी अंगणातला खालचा नळ सोडा, गढूळ पाणी जाऊ द्या आणि स्वच्छ दिसल्यावरच पंप लावून टाकी भरा.