मोजून पाहण्याची सवय

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आयटीतल्या नोकऱ्या जाणार, अशा बातम्या रोज कानावर येतात. तिच्या शिक्षणासाठी चारपैकी एक एकर विकावे लागेल, असा माझा हिशेब आहे. गावातली मंडळी म्हणतात, पदवीला आता किंमत राहिली नाही, जमीन मोडू नका. मी काय करावे?
— एक शेतकरी पालक, जामखेड तालुका

उत्तर : आधी जमिनीचे बोलू, कारण ती एकदा गेली की परत येत नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला की, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळेल. त्याआधी ती पन्नास टक्के होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती योजना पूर्वीपासून आहेत. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशासाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. आपण पत्रात कळवलेले वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा बरेच कमी आहे. तेव्हा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आजच तहसील कार्यालयातून काढायला टाका, महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरण्याची तारीख चुकवू नका, आणि ‘आत्ता पैसे भरा, जागा पक्की करतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही मध्यस्थाच्या हाती एक रुपयाही देऊ नका. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच, परंतु त्यासाठी एक एकर मोडण्याची वेळ येऊ नये.

आता बातम्यांचे. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ती बातमी आपल्या गावापर्यंत ‘आयटी बुडाली’ अशा रूपात पोहोचली असणार. ती संख्या त्या कंपनीच्या एकूण मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के होती आणि कपात मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतील होती, हा भाग मात्र वाटेतच गळून पडला. ज्या घरांवर ते संकट आले त्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीने कोणते शिक्षण घ्यावे, याचा निर्णय अर्ध्या बातमीवर घेऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने दिवाळीच्या सुट्टीत मला एक गोष्ट दाखवली. कर्जाच्या व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतला होता. तो अर्ध्या मिनिटात तयार झाला आणि कोठेही न अडकता चाललाही. मुलाने मग आईचे पतसंस्थेचे पासबुक काढले आणि आकडे ओळीने ताडून पाहिले, तेव्हा असे दिसले की हप्ते भरले जात असतानाही प्रोग्रॅम शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावत होता. पतसंस्था घटत्या शिलकीवर व्याज घेत होती. ही चूक यंत्राने स्वतःहून सांगितली नाही; घटती शिलक म्हणजे काय हे ज्याला ठाऊक होते आणि पासबुक उघडण्याचा ज्याने कंटाळा केला नाही, त्याच्याच ती लक्षात आली. अशी माणसे जे महाविद्यालय घडवते ते शोधा. त्यासाठी माहितीपत्रक पुरेसे नाही. मुलीला घेऊन एक दिवस तिथे जा, प्रयोगशाळा बघा, तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला, कायम प्राध्यापक किती आहेत ते विचारा, आणि भिंतीवर लावलेला नोकऱ्यांचा आकडा एकूण किती विद्यार्थ्यांपैकी आहे व कोणत्या कामांसाठी आहे, याचा खुलासा मागा.

प्रश्न : आमच्या नात्यातील व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, दोघे प्राध्यापक आहेत, आणि सर्वाधिक खोट्या बातम्या याच मंडळींकडून येतात. शिकूनही असे असेल, तर शिक्षणाचे मोल नेमके कशात मानावे?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : आपला प्रश्न कडवट आहे आणि तो रास्तही आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली, तेव्हा तिच्यात नॅनो चिप असून जमिनीत खोल पुरली तरी उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळतो, ही बातमी मोठमोठ्या वृत्तवाहिन्यांवरून गंभीरपणे सांगितली गेली. कागदाच्या नोटेत वीज कोठून येणार, संदेश बाहेर कसा पडणार, हे शालेय विज्ञानाचे प्रश्न आहेत. दहावीला भौतिकशास्त्रात उत्तम गुण मिळवलेल्या अनेकांना त्या आठवड्यात ते सुचले नाहीत. ती अफवा हास्यास्पद वाटून विरून गेली. सगळ्याच अफवा तशा विरत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. पोटासाठी फिरत आलेली ती माणसे होती. ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण काय करत आहोत याची कल्पनाही नसेल, आणि मला हेच सर्वांत भयंकर वाटते.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे, त्यामुळे दोषाचा वाटा मलाही उचलला पाहिजे. आम्ही मुलांना उत्तरे पाठ करायला लावली. उत्तर बरोबर कशावरून, हे विचारणाऱ्या मुलाला ‘अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे’ असे सांगून खाली बसवले. गाईडमधले उत्तर जसेच्या तसे उतरवल्यास पूर्ण गुण मिळतात, हे ज्याने दहा वर्षे अनुभवले, तो मोठेपणी मोबाइलवर आलेले वाक्य जसेच्या तसे पुढे पाठवतो, यात मला काही विसंगती दिसत नाही. आपल्या नातलगांपाशी विषयाचे ज्ञान आहे. ते आपल्या विषयाबाहेर वापरण्याची सवय त्यांना कोणी लावली नाही. शिक्षणाचे मोल त्या सवयीत आहे आणि ती साठाव्या वर्षीही लागू शकते, असा माझा अनुभव आहे.

ग्रुपवर सर्वांसमोर चूक दाखवू नका. त्यातून वडीलधाऱ्यांचा अपमान होतो आणि पुढचा संदेश ते हट्टाने पाठवतात. त्यांना वेगळा फोन करा आणि एवढेच विचारा की, काका, हे कोणी सांगितले, कधी सांगितले, आणि हा फोटो कुठला आहे? आपण बँकेत होतात. खातेदाराची सही नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय धनादेश पुढे जात नसे, ही उपमा त्यांना आपल्या तोंडून लगेच पटेल.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो, माझे गाव माळशिरस तालुक्यात आहे. विधानसभेच्या निकालानंतर मतदान यंत्रावरून बाबांचे आणि माझे इतके भांडण झाले की आम्ही नीट बोलत नाही. बाबा म्हणतात मतदानाची टक्केवारी संध्याकाळनंतर वाढली, म्हणजे यंत्रात घोटाळा आहे; मी म्हणतो यंत्र हॅक होऊच शकत नाही. खरे काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मी शिक्षक म्हणून अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्षाचे काम केले आहे, म्हणून या प्रश्नाला जागा थोडी जास्त देत आहे. तुमची दोघांची वाक्ये माझ्या दृष्टीने एकाच जातीची आहेत, कारण दोन्ही तपासण्याच्या आधी बोललेली आहेत.

केंद्रावर प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. मतदान सुरू होण्यापूर्वी, भल्या सकाळी, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यावे लागते. किमान पन्नास मते टाकायची, यंत्रावरचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या) चिठ्ठ्या यांचा मेळ घालायचा, मग ‘क्लिअर’ दाबून यंत्र शून्यावर आणायचे, त्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या आणि यंत्र मोहोरबंद करायचे. दिवसभर मतदाराला स्वतःच्या मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. शेवटच्या मतदारानंतर ‘क्लोज’ दाबले की एकूण मतांची संख्या कळते. ती फॉर्म १७ सी वर लिहून केंद्राध्यक्ष सही करतो आणि त्याची प्रत प्रत्येक मतदान प्रतिनिधीला देतो. मतमोजणीच्या दिवशी यंत्रावरची संख्या या कागदाशी जुळली पाहिजे.

हा एक साधा कागद आहे. माझ्या टेबलाशी बसलेले किती प्रतिनिधी तो न वाचताच घडी घालून खिशात ठेवत असत! एकदा मात्र एका प्रतिनिधीने, वय असेल पंचविशीचे, दर दोन तासांनी स्वतःच्या वहीत मतांची संख्या टिपली होती. संध्याकाळी त्याने माझा आकडा आपल्या वहीशी ताडला, दोन मतांचा फरक दाखवला, आणि आम्ही दोघांनी मतदार नोंदवही पुन्हा मोजली. चूक त्याच्या वहीत निघाली. त्याने ती सर्वांसमोर कबूल केली आणि मगच सही केली. निवडणुकीवर ज्याचा विश्वास आहे त्याने आणि ज्याचा नाही त्यानेही असेच वागावे, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या बाबांची शंका २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या टक्केवारीवरून आहे, असे तुम्ही लिहिता. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५ टक्के झाला. पाचचा आकडा केंद्रांवरून अधूनमधून कळवलेल्या माहितीचा असतो, मतदान सहापर्यंत चालते आणि सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. त्यामुळे वाढ झाली एवढ्यावरून घोटाळा ठरत नाही. त्याचबरोबर ‘हॅक होऊच शकत नाही’ हे तुमचे वाक्यही पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची पडताळणी मागता येईल आणि व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरण्याची उपकरणे पंचेचाळीस दिवस मोहोरबंद ठेवावी लागतील, असेही सांगितले. शंकेला जागाच नसती, तर न्यायालयाने ही तरतूद केली नसती. आजही नियमानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. माझे मत असे आहे की ही संख्या वाढवावी. निकाल काही तास उशिरा लागला तरी चालेल. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमांत बदल करून केंद्रावरील चित्रीकरणासारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे नागरिकांना पाहण्यास मिळण्यावर बंधन आणले, तेही मला चुकीचे वाटते. संशय वाढलेला असताना दार अधिक उघडायला हवे होते.

या बाबतीत जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा ३ मार्च २००९ चा निकाल मला फार मोलाचा वाटतो. तेथे २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. घोटाळा सिद्ध झाला होता असे नव्हे. मतदानाच्या आणि मोजणीच्या मुख्य पायऱ्या कोणत्याही नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आल्या पाहिजेत आणि त्या यंत्रांत तशी सोय नव्हती, हे कारण होते. आपल्याकडे चिठ्ठी आहे, म्हणून आपली यंत्रे त्या यंत्रांसारखी नाहीत. पण चिठ्ठी छापून बहुतेक केंद्रांवर ती मोजायची नाही, हे तुमच्या बाबांच्या मनाला पटत नसेल तर त्यांना अडाणी म्हणू नका. तुमच्याच तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतः मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घेण्याचा प्रयत्न केला आणि प्रशासनाने तो थांबवला. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, हे खरे आहे. पण आपले मत कोठे गेले हे पाहण्याची त्यांची इच्छा नागरिकाला शोभणारीच होती.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तुमच्या केंद्रावर कोणत्या पक्षाचा प्रतिनिधी बसला होता ते शोधा आणि त्याच्याकडे फॉर्म १७ सी ची प्रत आहे का, विचारा. बाबांना सोबत न्या. कागदावरची संख्या आणि निकालपत्रातील तुमच्या केंद्राची संख्या शेजारी ठेवून दोघांनी मिळून बेरीज करा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. वर्गात राजकारणाचा विषय निघाला की पालक नाराज होतात. तो टाळावा का?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पक्ष टाळा, विषय टाळू नका. वर्गप्रमुखाची निवड चिठ्ठ्या टाकून करा. मतमोजणी दोन मुलांना स्वतंत्रपणे करू द्या, बाद मत कोणते हे मुलांनाच ठरवू द्या, आणि हरलेल्याने फेरमोजणी मागितली तर रागावू नका, चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर ओता. पालकांपैकी कोणाला शंका असेल तर त्यांना त्या दिवशी वर्गात बोलवा आणि मागच्या बाकावर बसून पाहू द्या.