ग्रोबॅग आणि गांडूळखत घेताना काटा सोबत ठेवा

पावसाळा तोंडावर आला की बियाण्याच्या चौकशीसोबत हल्ली ग्रोबॅगची, म्हणजे माती भरून रोप लावायच्या पिशवीचीही चौकशी सुरू होते. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतो. तिघांचेही दुखणे मूळ एकच आहे. पिशवी नगावर आणि खत गोणीवर घेतले जाते, आत नेमके किती येते हे कोणी मोजत नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटाला परसबागेसाठी वीस ग्रोबॅग घ्यायच्या आहेत. 12 बाय 12 ची पिशवी एक जण 15 रुपयांना देतो, दुसरा 45 सांगतो. 15 ची चालेल का?

ताई, दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या बहुधा एका मापाच्या नसतील. रोपवाटिकेतल्या काळ्या पॉलिथीन पिशवीचे माप ती सपाट ठेवून घेतात. 12 इंच रुंदीची पिशवी भरून गोल झाली की तिचा व्यास साडेसात इंचांच्या आसपास राहतो आणि माती मावते जेमतेम 9 लिटर. विणलेल्या एचडीपीई (जाड, मजबूत प्लास्टिक) ग्रोबॅगवर 12 बाय 12 असते ते व्यास आणि उंची. तिच्यात 22 लिटर मावतात. आता हिशोब करा. 15 ची पिशवी लिटरमागे एक रुपया सदुसष्ट पैशांना पडते, 45 ची दोन रुपये पाच पैशांना. वरून 30 रुपयांचा दिसणारा फरक लिटरमागे सुमारे 40 पैशांवर येतो. शिवाय पातळ पॉलिथीन एका उन्हाळ्यात कडक होऊन फाटते आणि यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हात टिकेल असे केलेले) एचडीपीई काही हंगाम सहज निघते.

मात्र 45 रुपये दिले म्हणजे माल चांगलाच, असेही समजू नका. पिशवीवर '260 जीएसएम' छापायला फार खर्च येत नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. 12 बाय 12 च्या पिशवीला बाजू आणि तळ धरून सुमारे 0.36 चौरस मीटर कापड लागते, म्हणजे 260 जीएसएमची पिशवी निदान 95 ग्रॅम भरायला हवी. शिवण आणि कड्या धरल्या तर थोडी जास्तच. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. 60-65 ग्रॅम भरली तर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका आणि दरही त्याच हिशोबाने मागा. घाऊक घेण्याआधी एकच नग मागवून वजन करून पाहिलेले बरे.

वीसच्या वीस एकाच मापाच्या घेऊ नका. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा ते आठ इंच खोली पुरते, तिथे उंच पिशवी म्हणजे मातीचा आणि खताचा फुकट खर्च. मिरची, वांगे 12 बाय 12 मध्ये एक-एक रोप लावून चांगले येते. टोमॅटोला 15 इंची द्या. दुधी, दोडक्याला 18 इंची हवी, पण तिच्यात 75 लिटर मिश्रण लागते हे आधी लक्षात घ्या. आणि गोठा असणाऱ्या घरी पेंडीच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या असतातच. तोंड दुमडून, तळाजवळ छिद्रे पाडून एक हंगाम त्या बिनखर्चात चालतात. युरियाची गोणी आधी स्वच्छ धुवा. कीटकनाशकाचे डबे किंवा पिंप मात्र कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नका.

प्रश्न : गांडूळखत एकाकडे 50 किलोला 400 रुपये आहे, दुसऱ्याकडे 500. 400 चे ओलसर आणि काळेभोर आहे. तेच घ्यावे ना?

दादा, ते काळेभोर दिसते ते बऱ्याचदा पाण्यामुळे. खत (नियंत्रण) आदेश 1985 नुसार गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के असावा, सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के आणि नत्र किमान 1 टक्का. समजा 400 च्या गोणीत 45 टक्के पाणी निघाले, तर कोरडे खत साडेसत्तावीस किलो. 500 च्या गोणीत 25 टक्के असेल तर साडेसदतीस किलो. कोरड्या किलोला पहिले साडेचौदा रुपयांना पडले आणि दुसरे तेरा रुपये तेहेतीस पैशांना. महाग दिसणारी गोणीच स्वस्त निघाली.

घरी तपासायचे तर एक किलो खत गोणीच्या मधून काढा, वरवरचे नको. कागदावर पातळ पसरून दिवसभर कडक उन्हात ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा तोला. उन्हात सगळे पाणी निघून जात नाही, तेव्हा उन्हातच 300 ग्रॅम घटले तर खरा ओलावा त्याहून जास्त आहे असे धरा. उलट, हातात धुळीसारखे उडणारे खतही नको. पार वाळलेल्या खतातले उपयुक्त जिवाणू फारसे शिल्लक नसतात.

मग गोणीत हात कोपरापर्यंत घाला. आतून गरम लागले किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर ते अजून कुजते आहे. असे खत पिशवीत भरले की कुजण्यासाठी ते मातीतलेच नत्र ओढते आणि आठ-पंधरा दिवसांत रोप पिवळे पडते. शेणखत घेताना पांढऱ्या, अर्धगोल वाकलेल्या अळ्या दिसल्या तर मुळे खाणारी हुमणी समजा आणि तो ढीग सोडून द्या. खात्री करायला मेथीचे दाणे पुरेसे आहेत. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मे खत, दोन्हींत दहा-दहा दाणे. पाचव्या दिवशी मातीत आठ-नऊ उगवले आणि खतात तीन-चारच, तर खत कच्चे आहे किंवा त्यात क्षार जास्त आहेत.

गोणीवर उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, घटकांचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख हवी, आणि पक्की पावती मागाच. 'ऑरगॅनिक बूस्टर मिक्स' असल्या भारदस्त नावाच्या, पण आत काय किती आहे हे न सांगणाऱ्या छोट्या पाकिटांचा किलोचा दर काढून पाहिला तर शेजारच्या गांडूळखत उत्पादकाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे खत नक्की घ्यावेसे वाटेल.

नगरपालिकांचे 'हरित महासिटी कंपोस्ट', म्हणजे शहरातल्या कचऱ्याचे खतही काहींना मिळते. ते चाळून घ्या, काच-प्लास्टिकचे तुकडे बघा. जड धातूंची मर्यादा त्यालाही ठरलेली आहे, शिसे किलोमागे 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5. चाचणी अहवाल मागा. तो नसेल तर फुलझाडांना वापरा, मुळा-पालकाला नको.

प्रश्न : गच्चीवर नुसत्या कोकोपीटमध्ये टोमॅटो लावले होते, पिवळे पडून गेले. आता वीस पिशव्यांना काय, किती आणू?

काका, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो पाणी धरतो, पण अन्न असे त्यात जवळपास काहीच नसते. शिवाय न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असते. ते दाबलेल्या विटेच्या रूपात मिळते, ती वीट भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, मगच वापरा. 12 बाय 12 च्या पिशवीत वरची दोन इंच जागा सोडली तर 18 लिटर मिश्रण लागते, वीस पिशव्यांना 360 लिटर. माती, गांडूळखत आणि भिजवलेले कोकोपीट समप्रमाणात म्हणजे प्रत्येकी 120 लिटर. खत त्यासाठी साधारण 100 किलो आणि 5 किलोच्या कोकोपीट विटा दोन. पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळा. महिन्यानंतर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत वरून द्या.

ओल्या मिश्रणाची एक पिशवी 20 किलोच्या आसपास भरते. गच्चीच्या मधोमध सगळ्या एकत्र मांडू नका, भिंतीच्या आणि तुळईच्या कडेने ठेवा. पिशव्या विटांवर उचलून ठेवल्या तर छिद्रे बुजत नाहीत आणि स्लॅबवर पाणीही साचून राहत नाही.