घरी बनवलेला स्पीकर मोजायचाय, माईक कुठला घेऊ?

प्रश्न: साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्वीटरचा टू-वे स्पीकर बनवलाय. आवाज बरा आहे पण क्रॉसओव्हर (खालचा आवाज वूफरला आणि वरचा ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) नीट जुळवायचाय म्हणून मोबाईलच्या ॲपने मोजलं तर ग्राफ नुसता वर-खाली, त्यात मोबाईल वीतभर सरकवला की ग्राफच बदलतो. चांगला माईक घेतला तर हे थांबेल का? यूएसबी घेऊ की एक्सएलआर? सॉफ्टवेअर कुठलं?

उत्तर: नाही थांबणार. वीतभर सरकवल्यावर ग्राफ बदलतो तो खोलीमुळे, जमिनीवरून आणि भिंतींवरून परत आलेला आवाजही माईक इमानदारीत पकडतो, आणि महागडा माईक तोच गोंधळ जास्त अचूक दाखवेल, बस. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला गेटिंग म्हणतात, म्हणजे परत आलेला आवाज पोहोचण्याआधीच मोजणी कापायची. समजा छत ३ मीटरवर आहे, स्पीकर आणि माईक दोन्ही दीड मीटर उंचीवर आणि मधे १ मीटर अंतर, तर जमिनीवरून येणारा आवाज साधारण ३.१६ मीटर फिरून येतो, म्हणजे थेट आवाजानंतर सुमारे ६.३ मिलिसेकंदांनी. आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पल्स (वेळेनुसार आवाजाचा ग्राफ) उघडा, पहिल्या टोकानंतरचं ते छोटं टेकाड दिसेल, त्याच्या आधी विंडो (मोजणीत धरायचा वेळ) कापा. भिंती मात्र तेवढ्याच लांब हव्यात. ६ मिलिसेकंदांची विंडो म्हणजे १६७ हर्ट्झच्या खाली माहितीच नाही, आणि मी तर ३०० च्या खाली त्या रेषेवर विश्वास ठेवत नाही, ती गुळगुळीत दिसते म्हणून खरी असते असं नाही.

खालच्या भागासाठी माईक वूफरच्या डस्ट कॅपला (मधल्या गोल टोपीला) जवळजवळ चिकटवून, अर्ध्या सेंटीमीटरवर धरा. साडेसहा इंचीला हे सुमारे ८०० हर्ट्झपर्यंत चालतं. पोर्ट (खोक्याचं हवेचं भोक) असेल तर तो वेगळा मोजायचा. यात बॅफल स्टेप (खोक्याच्या पुढच्या फळीच्या रुंदीमुळे खालच्या आवाजात येणारी घट) येत नाही, ती व्हिट्युइक्सकॅड या क्रॉसओव्हर डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या डिफ्रॅक्शन टूलमधून घालायची आणि दोन्ही ग्राफ त्याच्याच मर्जर टूलमध्ये जोडायचे. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

आता माईक. नुसता रिस्पॉन्स (कुठल्या हर्ट्झला किती आवाज) बघायचा असेल तर कॅलिब्रेशन फाईलवाला (माईकची स्वतःची चूक दुरुस्त करणारी फाईल) यूमिक-१ सारखा यूएसबी माईक मस्त, वायर लावली की काम सुरू. पण क्रॉसओव्हर करायचाय तर मी एक्सएलआर माईक आणि दोन इनपुटचा इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घेईन (माईकला वायरमधूनच वीज देणारी ४८ व्होल्ट फँटम पॉवर हवीच), कारण दुसऱ्या इनपुटला इंटरफेसचंच आउटपुट परत जोडलं (याला लूपबॅक म्हणतात) की वूफर आणि ट्वीटर दोघांची वेळ एकाच घड्याळावर मोजली जाते. ३००० हर्ट्झला तरंगलांबी ११ सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे ३ सेंटीमीटरचा फरकही फेजमध्ये (तरंग एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत त्यात) ९० अंशांच्या वर जातो, मग सिम्युलेशन छान दिसतं आणि प्रत्यक्षात क्रॉसओव्हरला खड्डा पडतो. यूएसबी माईक आधीच असेल तर आरईडब्ल्यूचा अकॉस्टिक टायमिंग रेफरन्स (वेळ जुळवायला स्पीकरमधूनच वाजवलेला खुणेचा आवाज) वापरा, थोडा कटकटीचा आहे पण चालतो.

लूपबॅकची वायर ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून घेऊ नका हां, इंटरफेस जळू शकतो. ट्वीटरला स्वीप (खालून वर सरकत जाणारा मोजणीचा सूर) ५०० हर्ट्झच्या वरूनच द्या, हळू आवाजात. आणि एकदा मोजायला बसलात की माईक आणि व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावायचा नाही, नाहीतर दोन्ही ड्रायव्हरच्या लेव्हलची तुलनाच होणार नाही.

प्रश्न: इम्पीडन्स (हर्ट्झनुसार बदलणारा विजेचा अडथळा) मोजायला वेगळं मशीन लागतं का?

उत्तर: डेटन ऑडिओचं डॅट्स हे त्यासाठीचं यंत्र मिळतं, आळशी लोकांसाठी उत्तम. नाहीतर १०० ओहमचा एक रेझिस्टर, इंटरफेसचा हेडफोन आउट आणि दोन लाइन इनपुट पुरतात, आरईडब्ल्यू किंवा लिंप (इम्पीडन्स मोजायचं सॉफ्टवेअर) दोन्हीत होतं, आधी माहीत असलेला रेझिस्टर मोजून आकडा बरोबर येतोय ना बघा. पोर्टवाल्या खोक्यात इम्पीडन्सच्या ग्राफवर दोन टेकाडं दिसतात, त्यांच्या मधला खळगा म्हणजे साधारण पोर्टचं ट्यूनिंग (तो ज्या हर्ट्झला घुमतो ते). आणि दोनतीनशे हर्ट्झच्या आसपास रेषेवर बारीकशी सुरकुती दिसली तर खोक्याच्या बाजू बोटाने ठोकून बघा, बहुतेक एखादी फळी घुमत असते.