कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी का पुरणार नाही

प्रश्न असा आहे की निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव न उघडता पक्षाला देणगी द्यायचे कागद, रद्द झाले, मग कंपन्यांनी पक्षांना पैसे देण्यावर सरळ बंदीच का घालत नाहीत? संताप रास्त आहे. पण ही बंदी आपल्याकडे एकदा घालून झाली आहे. १९६९ पासून १९८५ पर्यंत कंपन्यांना पक्षांना एक रुपयाही देता येत नव्हता. निवडणुका त्यामुळे स्वस्त झाल्या नाहीत, चेकचा पैसा रोखीत गेला. १९८५ मध्ये नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत परवानगी मिळाली आणि २०१३ च्या कायद्यात मर्यादा साडेसात टक्के झाली, तीही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर.

खरा घात २०१७ मध्ये झाला. ही मर्यादा काढली आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव लिहिण्याची अटही काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा कोट्यवधी देऊ शकत होती, आणि पैसा कुठल्या पक्षाला गेला हे भागधारकालाही कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोख्यांसकट हे दोन्ही बदल घटनाबाह्य ठरवले. रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने ते कुणी घेतले आणि कुणी वटवले याची माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. तोवर लोकसभेचं मतदान उरकलं असतं! कोर्टाने ती नाकारली म्हणून मार्चमध्येच रोख्यांचे क्रमांक बाहेर आले आणि कुठल्या कंपनीचा रोखा कुठल्या पक्षाने वटवला हे जुळवता आलं. सगळ्यात मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटींची.

हा धोका आधी कुणाला दिसला नव्हता असंही नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलला देणग्या देता याव्यात म्हणून मेमोरँडम (कंपनी काय काय करू शकते हे सांगणारा मूळ दस्तऐवज) बदलायचा होता. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती; पण हा प्रकार लोकशाहीचा गळा घोटू शकतो, असं बजावूनही ठेवलं.

आता खर्चाची बाजू. उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदवह्या मी भरल्या आहेत. विधानसभेला ४० लाखांची मर्यादा. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, लाऊडस्पीकर, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. निरीक्षकांची माणसं सभेचं व्हिडिओ शूटिंग करून खुर्च्या मोजतात आणि आपल्या वहीशी ताडून बघतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. आणि पक्षाच्या खर्चाला? मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा म्हटलं होतं. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. कंपन्यांच्या पैशाची भूक लागते ती इथे. ही बाजू उघडी ठेवून देणगीवर बंदी घातली तर १९६९ चंच पुन्हा होईल.

म्हणून माझ्या मते आधी पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी. दुसरं, देणगीची माहिती मतदानाआधी हवी. आज पक्ष वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देतात, पण आर्थिक वर्ष संपल्यावर. लोकसभेचं मतदान १९ एप्रिल ते १ जून २०२४ मध्ये झालं. त्या दिवसांत आलेली देणगी २०२४-२५ च्या हिशेबात जाते, म्हणजे ती यादी मार्च २०२५ नंतरच येणार होती. मत देऊन वर्ष उलटल्यावर ते नाव कळून मतदाराने करायचं काय?

तोपर्यंत एक काम करता येईल. तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर असतील तिच्या वार्षिक अहवालात राजकीय देणगीची नोंद शोधा. पक्षाचं नाव आणि रक्कम तिथे असायला हवी. नसेल तर वार्षिक सभेत विचारा.