प्रोजेक्ट द्राक्षांवर कर, पण लेकाला मागे ठेवू नकोस

ताई म्हणून विचारलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. तू निफाडची, सप्लाय चेन मॅनेजमेंटचं मास्टर्स करायला इथे नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला निघाली आहेस. द्राक्ष निर्यातीवर प्रोजेक्ट जमेल का आणि पाच वर्षांच्या मुलाला वर्षभर सासूबाईंकडे ठेवावं का, असे तुझे दोन प्रश्न. व्हिसा, फी, खोली हे सगळं युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे, त्यात मी पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र दोन रात्री झोप नाही. २००९ मध्ये मी हेच केलं होतं.

आधी प्रोजेक्ट. कर, नक्की कर. पण आपला माल इथे फेब्रुवारी ते मेमध्ये उतरतो आणि थीसिसचं कामही त्याच सुमारास सुरू होतं. आयातदाराकडे डेटा मागायला जानेवारीत गेलीस, तर गोपनीयतेच्या करारावर सही होईपर्यंत निम्मा हंगाम गेलेला असेल. नोव्हेंबरातच बारेंड्रेख्तला जा. रॉटरडॅमला लागूनच आहे, फळांचे पुष्कळ आयातदार तिथे बसतात. ईमेलवर विसंबू नकोस, समोर जाऊन उभी राहा.

ते तुला कंटेनरच्या तापमानाचा आलेख देतील. शून्याजवळची सरळ रेघ बघून हुरळून जाऊ नकोस. दाराजवळच्या पॅलेटमधला माल त्याहून गरम असू शकतो. आणि बरंचसं नुकसान जहाजावर चढायच्या आधीच झालेलं असतं. तोडणी झाल्यावर क्रेट प्रीकूलिंगला, म्हणजे माल झटपट गार करायच्या खोलीत, जाईपर्यंत मळ्यात किती तास पडून राहिलं, ते विचार. त्या तासांनी देठ तपकिरी पडतो, आणि इथला माल तपासणारा माणूस मण्याच्या आधी देठ बघतो.

विषय म्हणशील तर २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेवाहून निघालेला माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. तीन-साडेतीन आठवड्यांच्या प्रवासात दहा-बारा दिवसांची भर पडली. ते दिवस कुणाच्या खिशातून गेले, हे शोध. शेतकऱ्याच्या हातात पडलेल्या पट्टीपर्यंत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदापर्यंत जा.

मी तिथपर्यंत गेले नाही. माझा थीसिस २०१० च्या हंगामातला. त्याच वर्षी आपल्या द्राक्षांत सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) या रसायनाचा अंश सापडला आणि युरोपात कंटेनर अडकले. वेलीची वाढ आवरायला आपल्याकडे सीसीसी सर्रास मारायचे, पण निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. मी एका शीतगृहात खोकं उघडून उभी होते. बुरशी रोखायला खोक्यात ठेवतात त्या गंधकाच्या पॅडचा उग्र वास, आत हिरवेगार घड, देठसुद्धा ताजे. माल एक नंबर होता आणि कुणी हात लावत नव्हतं. त्या वर्षी वडिलांच्या प्लॉटमधली द्राक्षं एका निर्यातदाराने उचलली होती, वडिलांचे ते पैसे बुडाले. मी थीसिसमध्ये ‘नाकारलेला माल’ असा रकाना आखला आणि त्यात टक्केवारी भरली. सहा दिवस घरी फोन केला नाही, बोलणार काय? मला दहापैकी आठ मिळाले, इथे ते फार मानाचे. तो थीसिस वडिलांना मी कधी दाखवला नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. सायकल घे, बाहेर पड, निभतं.

आता लेकाचं. माझी मुलगी पाच वर्षांची होती. ‘एका वर्षाचा तर प्रश्न,’ सगळे म्हणाले, मीही म्हणाले. वर्षाचं मास्टर्स झालं, मग नोकरी शोधायचं वर्ष, मग नोकरी लागली आणि तिला इथे आणायचे कागद सुरू झाले. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी. नाव चढवलं तर दाखल्यावर माझं सासरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं. आई तीच, हे सिद्ध करायला विवाहाचा दाखला जोडला, तर त्यावर आडनावाचं स्पेलिंग निराळं. मग प्रतिज्ञापत्र, मग मंत्रालयात साक्षांकन, मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. आणि एवढं करून इथल्या एका कार्यालयाने एका अक्षरासाठी सगळा गठ्ठा परत पाठवला. नवऱ्याने किती वेळा नाशिक-मुंबई केलं, मोजलं नाही. ती आली २०१२ च्या ऑगस्टमध्ये. आठ वर्षांची होऊन.

इथे मुलं चौथ्या वर्षीच शाळेत जातात. आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला शाळा सल्ला देते, मुलाने पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं: व्हीएमबीओ (व्यवसायशिक्षणाकडे नेणारी), हावो (त्याच्या वरची, उपयोजित उच्चशिक्षणाकडे नेणारी) की व्हीडब्ल्यूओ (थेट विद्यापीठाकडे नेणारी). पुढचा रस्ता त्यावर ठरतो. माझी लेक गणितात वर्गात पुढे, पण डच साडेतीन वर्षांचं. बाईंनी व्हीएमबीओ लिहिलं. ‘तिला ओझं नको व्हायला,’ असं अगदी गोड बोलून. नंतरच्या परीक्षेत हावोएवढे गुण आले, तरी शाळेने सल्ला बदलला नाही. तेव्हा ते शाळेच्या मर्जीवर होतं. २०२४ पासून नियम बदलला. परीक्षेत जास्त आलं तर सल्ला वाढवावा लागतो, नाही वाढवला तर सबळ कारण द्यावं लागतं. ती बातमी वाचली तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि रडले.

लेक वळसा घालून हावो करून पुढे गेली. ‘आई, सोड ना आता,’ म्हणते, तेही डचमध्ये. मी इतकी वर्षं त्या बाईंना बोल लावला. पण डच शिकायची तिची पहिली तीन वर्षं बाईंनी नाही घेतली, मी घेतली. शेजारच्या कुटुंबातली पाच वर्षांची पोरं वर्षभरात घडाघडा बोलायला लागलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत.

तेव्हा कर्ज थोडं जास्त काढावं लागलं तरी काढ, एक सत्र उशिरा आलीस तरी चालेल, पण त्याला घेऊन ये. आज घरी गेलीस की त्याचा जन्मदाखला काढ. त्याचं नाव चढलंय का, आणि तुझं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते बघ. वेगळं निघालं तर लगेच लिही, प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी अजून जपून ठेवलाय.